मूळच्या खडकावरची कालवं

"पोर गुणाची आहे, पण शेवटी वाहत आलेलीच. आपल्या खडकाला काय धरणार?"

काकी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, हे माझ्याबद्दल सासूबाईंना हळू आवाजात म्हणाल्या. मी दाराआड ताटं पुसत होते. मग सगळ्या कालवांचे शिंपले फोडायला पडवीत बसल्या. माझा पाट लग्नापासून असतो तिथेच, उंबऱ्याशी, त्यांच्या घोळक्याबाहेर. मुलांनी गोष्ट मागितली. मी सांगितली.

एका समुद्रात, बाळांनो, एक खडक होता. त्यावर कालवांची वस्ती होती. कालव एकदा चिकटलं की जन्मभर हलत नाही. त्यामुळे आपण मूळचे इथलेच, असं त्याला फार लवकर वाटू लागतं.

पिल्लाचं तसं नसतं. ते टाचणीच्या टोकाएवढं. जन्मलं की पाणी नेईल तिकडे जातं. वेळेत खडक मिळाला तर त्याचं कालव होतं. नाही मिळाला तर गाळात जातं.

थोरली कालवं पाण्यात एक वास सोडत. त्या वासावर पिल्लं उतरत आणि थोरल्यांच्या पाठीवर बसत. वस्ती अशीच तर वाढली होती.

एके दिवशी तिथे मूळ खडकवासी मंडळ निघालं. भागाबाय अध्यक्ष झाली, कारण ती सगळ्यांत खाली चिकटलेली होती. ती स्वतः कुठून आली, हे सांगायला तिच्याहून जुनं कोणी उरलं नव्हतं. ठराव झाला, की वास फक्त आपल्या पोरांसाठी. परकं पिल्लू दिसलं की वास बंद.

आपली पोरं पाण्यात सोडताना भागाबायने बजावलं, की हवं तेवढं फिरा, पण बसायला इथेच या. पोरं हो म्हणाली. प्रवाहाला कोणी विचारलं नव्हतं.

पोरं काही परतली नाहीत. परकी आली, त्यांना वास लागला नाही, ती गाळात गेली. जुनी कालवं एकेक करून मेली. खडक किती ऐसपैस झाला, याबद्दल मंडळाने समाधान व्यक्त केलं.

मग एक दमलेलं पिल्लू वासाशिवायच भागाबायच्या पाठीला टेकलं.

"कुठलं तू?"

"उत्तरेच्या खडकावरचं."

"इथे जागा नाही."

"तिकडेही असंच म्हणतात," पिल्लू म्हणालं. "मी निघायच्या वेळी एक पोर आलं होतं. माझी आई भागाबाय, असं सांगत होतं."

भागाबायचे शिंपले उघडे पडले. "मग? बसवलं का त्याला?"

"तिथलं मंडळ विचार करत होतं."

"एवढंसं पोर, इतक्या लांबून आलेलं. त्यात विचार कसला करायचा? काही मन आहे की नाही त्यांना?"

त्याच ओहोटीला तातडीची सभा भरली. उत्तरेच्या खडकाचा निषेध करायचं ठरलं. भागाबाय बोलता बोलता दोनदा रडली. पाठीवरच्या पिल्लाला तेवढं थोपवून धर, म्हणजे आपला मुद्दा कमजोर होणार नाही, असं शेजारणीने तिला सुचवलं. निषेध एकमताने मंजूर झाला. पिल्लाला मात्र तेवढा वेळ नव्हता.

तात्पर्य: आपलं पोर दुसऱ्याच्या खडकावर गेलं की तो त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न असतो. दुसऱ्याचं आपल्याकडे आलं की तो जागेचा प्रश्न असतो.

मुलं पळाली. काकी खाली मान घालून शिंपले गोळा करत राहिल्या. सासूबाईंच्या हातातलं कालव तसंच राहिलं होतं. त्यांची लेक, माझी नणंद, गेल्या वैशाखात उत्तरेला, डहाणूकडे दिली आहे.

"आणि त्या भागाबायच्या पोराचं?" त्यांनी विचारलं. "त्याला मिळाली का गं तिकडे जागा?"

"इथे बसून ते कसं कळणार, आई?" मी म्हणाले. "जरा सरकता का? पाट आत घेते."