गोडलिंब आणि कुंपणावरचा सरडा

पानावरच्या पक्ष्याच्या शिटेकडे दुर्लक्ष करायचं, असा निर्णय मी नऊ जूनला सकाळी साडेआठ वाजता घेतला. निर्णय लहान होता. शीटही लहानच होती.

झाड आमचं नव्हतं, मीनाक्षीकाकूंचं होतं. काकू आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी बोटभर उंचीचं कढीपत्त्याचं रोप कुंडीत लावलं. आता ते माझ्या खांद्याला लागतं. त्या मूळच्या नागपूरच्या, म्हणून त्याला गोडलिंब म्हणतात. हिवाळ्यात गोडलिंब त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी खिडकीतल्या जागेवर असतो आणि पाहुण्यांना दाराकडची जागा मिळते. प्लेनोत, आमच्या या परदेशी शहरात, मराठी माणसाची ऐपत गाडीवरून कळत नाही, कारण गाड्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. ती कळते घरच्या कढीपत्त्यावरून. डाळीला फोडणी द्यायच्या वेळी निम्मं प्लेनो काकूंच्या दारात असतं.

काकूंच्या आईचं, म्हणजे अहिल्याआजींचं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यासाठी काकू आठ आठवडे नागपूरला जाणार होत्या. जगन्नाथकाकाही बरोबर जाणार होते, पण ते थांबले असते तरी काकूंनी झाड त्यांच्या हवाली केलं नसतं. (काकांनी एकदा मनीप्लांट मारला आहे. हे सोपं नाही.) म्हणून कुंडी आमच्या पॅटिओवर, म्हणजे मागच्या ओट्यावर, आली. सोबत सूचनांचा कागद आला, तो आईने फ्रिजवर लावला. सकाळचं ऊन, दुपारची सावली. आठवड्याला एक वाटी आंबट ताक. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित: ‘रोज एक फोटो. सई काढेल.’

“काढशील ना ग बाई?” काकूंनी विचारलं.

मी मान हलवली. मी बहुतेकांना मान हलवूनच ‘हो’ म्हणते, कारण ‘नाही’ म्हटलं तर पुढे एखादं वाक्य जोडावं लागतं. माझ्या नववीच्या रिपोर्ट कार्डावर चार शिक्षकांनी लिहिलं आहे की मी कमी बोलते. त्यांतल्या एकीने पुढे असंही लिहिलं आहे की माझी नजर फार तीक्ष्ण आहे. ही ओळ मी वर्षभर जपून ठेवली होती.

पहिले आठ दिवस मी रोज नवा फोटो पाठवला. पाच तारखेचा फोटो तर इतका छान आला की काकूंनी तो नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ऊन तिरकं, पानं चकचकीत, आणि मागे लाकडी कुंपणावर एक हिरवा सरडा.

नऊ तारखेला दोन पानांवर ती शीट दिसली. तपकिरी, मध्ये पांढरट, ओलसर. मी फोटोचा कोन बदलला आणि घरात आले. पुसायचा विचार मनात आला होता, पण कशाने पुसायचं हे आईला विचारावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात शीट नऊ पानांवर झाली. शिवाय तिचा आकार वाढत होता. मला वाटलं, पक्षी मोठा होतोय. (माझ्या तीक्ष्ण नजरेबद्दल एवढं पुरे.)

त्यानंतर पानं जायला लागली. वरचा शेंडा गेला, मग डावी फांदी गेली. नवीन फोटो पाठवायची सोय उरली नाही, म्हणून मी पाच तारखेचाच पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच, डावीकडून थोडा कापून. तिसऱ्या दिवशी उजवीकडून. चौथ्या दिवशी मी त्यात ऊन वाढवलं. मी खोटं काही बोलत नव्हते. मी बोलतच नव्हते.

पानं कोण खातंय, याचा शोध बाबांनी हाती घेतला. बाबा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात. म्हणजे चूक कुणाची आहे हे शोधायचा त्यांना पगार मिळतो.

“खार,” बाबा म्हणाले.

“खार कढीपत्ता खात नाही,” आई म्हणाली.

“रेणू, टोमॅटो कोण खातंय?”

“खार.”

“मग?”

आईने खिडकीतून टोमॅटोच्या वाफ्यांकडे पाहिलं. बाबांनी लाल तिखट, हिंग आणि पाणी एका पातेल्यात उकळायला ठेवलं. दहा मिनिटांत आम्ही तिघंही पुढच्या अंगणात उभे राहून खोकत होतो आणि आत धुराचा अलार्म वाजत होता. समोरच्या घरातली बाई कुत्रा फिरवता फिरवता थांबली आणि सगळं ठीक आहे ना, असं तिने विचारलं. बाबांनी डोळे पुसत अंगठा वर केला. ते पाणी बाबांनी कुंडीभोवती शिंपडलं. खार आली, तिने वास घेतला आणि टोमॅटोकडे गेली. मग बाबांनी प्लॅस्टिकचं घुबड मागवलं. खार घुबडाच्या डोक्यावर बसून टोमॅटो खाऊ लागली, कारण तिथून दोन्ही वाफे दिसतात.

इकडे नागपूरहून व्हॉइस मेसेज आला. “सई, गोडलिंब तर एकदम मस्त ठेवला तुम्ही. पण मला एक सांग बेटा, तो मागचा सरडा काय करून राहिला? पाच दिवस झाले, जागचा हलला नाही. जिवंत आहे ना?”

मी मेसेज तीनदा ऐकला. फोटो दोन्ही बाजूंनी कापताना मी प्रत्येक वेळी सरडा ठेवला होता, कारण त्याच्यामुळे चित्र चांगलं दिसत होतं.

मी लिहिलं, ‘जिवंत आहे. रोज सकाळी त्याच वेळी येतो.’

“शिस्त आहे पोराला,” काकूंचं उत्तर आलं. “आमच्या यांच्यासारखा दिसतो, बसला की बसला. आईला दाखवला, तिला फार आवडला. ती दिवसभर पलंगावर पडून असते. आता रोज संध्याकाळी विचारते, सरड्याचा फोटो आला का म्हणून.”

मला फोनच बंद करावासा वाटला. ऑपरेशन झालेल्या एका आजीबाई आठ हजार मैलांवर माझ्या सरड्याची वाट पाहत होत्या, आणि सरडा एकच होता, तोही पाच तारखेचा. आता खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. झाड बोडकं झालंय ही पहिली, आणि मी पाच दिवस फसवतेय ही दुसरी. मी दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. त्यात थोडे ढग घातले.

जूनच्या शेवटच्या शनिवारी बाबांनी कुंडीसमोर कॅमेरा लावला. पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं पोह्यांच्या बशा घेऊन टीव्हीसमोर बसलो. बाबांनी हालचाल झाली तेवढंच टिपलेलं आठवड्याचं चित्रण सोळापट वेगाने लावलं, हातात वही घेतली आणि वहीत ‘खार’ असं आधीच लिहिलं.

खार चौदा वेळा आली. चौदाही वेळा टोमॅटोकडे गेली.

मग आई आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, एक काडी तोडली आणि पटकन आत गेली.

बाबांनी चित्र थांबवलं. “रेणू.”

“एकच काडी.”

“मीनाक्षीचं झाड आहे ते. ठेवायला दिलंय.”

“मग तुझ्या पोह्यांत कुठला कढीपत्ता आहे?”

बाबांनी बशीत पाहिलं आणि चित्र पुढे सरकवलं. त्यानंतर मी आले. कुंडीसमोर उभी राहिले, खिशातून फोन काढला नाही, थोडा वेळ झाडाकडे पाहिलं आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

“ही काय करते रोज?” बाबांनी आईला विचारलं. (मी शेजारीच बसले होते.)

“बघते,” आई म्हणाली. “तिचा स्वभावच आहे.”

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की टीव्हीवर शीट चालतेय.

सोळापट वेगाने ती चांगली तुरुतुरु चालत होती. पानाच्या टोकाला गेली, टोक खाल्लं, मागे सरकली, उरलेलं पान खाल्लं आणि दुसऱ्या पानावर गेली. तिथे आधीच एक शीट जेवत होती.

“अळ्या,” आई म्हणाली.

“अळ्या,” बाबांनी वहीत लिहिलं. ‘खार’ मात्र खोडलं नाही, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. “पण ही पांढरी घाण आधी कुणालाच कशी दिसली नाही?”

मी पोहे खात राहिले.

पॅटिओवर जाऊन मोजल्या तर नऊ निघाल्या. माझ्या बोटाएवढ्या जाड. काकू यायला तीन आठवडे होते आणि झाडावर मोजून अकरा पानं. पानं खायची असल्यामुळे औषध मारता येणार नव्हतं, म्हणून बाबांनी बादलीत साबणाचं पाणी कालवलं.

“नको,” मी म्हणाले.

दोघंही वळले. घरात अनोळखी आवाज ऐकल्यासारखे.

“मी नेते त्यांना. दुसरीकडे.” एवढ्यावर माझी वाक्यं संपली.

एक एक अळी मी आइस्क्रीमच्या काडीवर घेतली. प्रत्येकीने डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढली आणि कुजलेल्या लोण्यासारखा वास सोडला. एखादी असती तर मी घाबरले असते, पण नवव्या वेळेला मला त्या मीनाक्षीकाकूंनी विचारलेल्या प्रश्नांपेक्षा बऱ्या वाटायला लागल्या. वाचल्यावर कळलं होतं की त्यांना लिंबाच्या जातीची पानं लागतात. आमच्याकडे तसं एकच झाड होतं. घराच्या बाजूला, एसीच्या यंत्रापाशी, बाबांचं कुंडीतलं लिंबू. त्याला चार वर्षांत एक लिंबू आलं होतं आणि बाबांनी ते अजून तोडलं नव्हतं. तिकडे बाबा फक्त रविवारी जात. तो शनिवार होता.

(दोन आठवड्यांत त्या झाडावर एक लिंबू आणि काटे उरले. बाबांनी दुसरं घुबड मागवलं.)

गोडलिंबाला मी रोज पाणी घातलं, आईने ताक घातलं आणि तिने काडी तोडणं बंद केलं, म्हणजे निदान कॅमेऱ्यात तरी दिसली नाही. जुलैच्या मध्यावर उघड्या फांद्यांवर कोंब फुटले. तांबूस, नखाएवढे. ते भराभर वाढत होते, पण झाड पाच तारखेच्या फोटोसारखं व्हायला एक वर्ष लागलं असतं. काकू दहा दिवसांनी येणार होत्या.

फोटो मी रोज पाठवत राहिले. अहिल्याआजी आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येत होत्या, आणि सरड्याचा फोटो पाहिल्यावरच जेवत होत्या, असं काकूंनी कळवलं.

रविवारी सकाळी काकू आल्या. हातात संत्रा बर्फीचा डबा होता. डबा आईकडे देऊन त्या थेट पॅटिओवर गेल्या. मागून बाबा, आई आणि सर्वांत शेवटी मी. मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: ‘काकू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे.’ त्यापुढचं अजून तयार नव्हतं.

काकू झाडासमोर उभ्या राहिल्या. फोटोतलं अर्धंसुद्धा झाड तिथे नव्हतं. त्यांनी एक कोंब बोटांत धरला, दुसरा पाहिला, फांद्या खालून वरपर्यंत निरखल्या. वर खार घुबडावर बसली होती.

“छाटला?” काकू म्हणाल्या.

“हो,” बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे, थोडं सायंटिफिकली केलं. पानांचा लोड कमी केला.”

“केदार, तीन वर्षांपासून मी यांना म्हणून राहिले की छाटायला पाहिजे, पण माझा हात होत नव्हता. पाहा आता किती फुटला. प्रत्येक फांदीला चार-चार.” त्यांचे डोळे भरून आले होते. “मनावर दगड ठेवूनच केलं असेल तुम्ही.”

“सोपं नव्हतं,” बाबा म्हणाले.

माझं पाठ केलेलं वाक्य मी गिळलं. सगळं संपलं होतं, सगळे सुटले होते, आणि मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. इतकी हलकी मी जून महिन्यापासून झाले नव्हते.

“थांब,” काकू फोन काढत म्हणाल्या. “आई जागीच आहे. तिला सरडा पाहायचाय.”

आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर अहिल्याआजी होत्या. पांढरे केस, जाड चष्मा, मागे टेकवलेला वॉकर. “ही सई का? दाखव बेटा, कुठे आहे तो?”

मी फोन कुंपणाकडे वळवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. आणि कुंपणावर खरोखरच एक सरडा होता. हिरवागार. त्याच फळीवर. तो मान वर करून आमच्याकडेच पाहत होता, आणि मी त्याचे मनापासून आभार मानले.

“हा बघा आजी,” मी म्हणाले. महिन्याभरातलं हे माझं सर्वांत आत्मविश्वासाचं वाक्य होतं.

आजी चष्मा सारून फोनच्या अगदी जवळ आल्या. पडद्यावर नुसता एक मोठा डोळा दिसत होता.

“हा तो नव्हे,” आजी म्हणाल्या. “त्याच्या शेपटीचं टोक तुटलेलं आहे.”

मी तो फोटो अडतीस दिवस पाहिला होता. चार बाजूंनी कापला होता. शेपटी मी पाहिली नव्हती.

“आजी, तो...” मी म्हणाले.

“राहू दे,” आजी म्हणाल्या. त्यांचा डोळा बारीक झाला होता, त्या हसत असाव्यात. “फोटो छान काढतेस तू. एकच काढतेस, पण छान काढतेस.”