विचारल्याशिवाय कळ दाबू नये

जाहिरात म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान त्या सोमवारपर्यंत माझी तशी ठाम समजूत होती.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे बाबांचा; मी आपला गल्ल्यावर बसणारा. मागच्या अंधाऱ्या खोलीत बाबांनी उभं आयुष्य लाल दिव्याखाली फोटो धुतले. ती खोली मोकळी करून मला तिथे झेरॉक्सचं मशीन बसवायचं होतं. अडचण एकच. लोकांनी हौसेने काढलेल्या आणि न्यायला विसरलेल्या फोटोंची पाकिटं तिथे छताला टेकली होती.

"रद्दीत घालू या," मी म्हणालो.

"माणसं आहेत ती," बाबा म्हणाले. "माणसं रद्दीत घालतात का?"

शेवटी तडजोड झाली. रविवारपर्यंत ज्यांना न्यायचे त्यांनी न्यावेत, उरलेले रद्दीवाल्याला. बाबा 'बरं' म्हणाले खरे, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत.

मला त्या खोलीची माया नव्हती असं समजू नका. लहानपणी मी तिथे स्टुलावर बसून पाण्यातल्या पांढऱ्या कागदावर माणूस उगवताना बघायचो. आधी भुवया यायच्या, मग मिशा, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. त्या औषधांचा आंबूस वास अजून कुठे आला की मला आई आठवते, कारण फोटो वाळत घालायचं काम तिचं. बाबांचा नियम एकच होता: विचारल्याशिवाय कळ दाबायची नाही. समोर तान्हं बाळ असलं तरी ते कॅमेऱ्यामागून विचारणार, "दाबू का?" आणि बाळाच्या होकाराची वाट बघत बसणार! बाळ झोपी जायचं, बाळाचे आईबाप कंटाळायचे, बाबा मात्र तिथेच.

मी कळ दाबली ती कुणालाही न विचारता. पाकिटांवर लिहिलेले फोन नंबर उतरवले, नवीन फोन घेतला, आणि झक्क मजकूर तयार केला:

'तुमचे जुने फोटो आमच्या ताब्यात आहेत! रविवारच्या आत सोडवून न्या! नंतर जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही! कुटुंबालाही आणा, सगळ्यांना दाखवू!'

खाली स्टुडिओचं नाव मुद्दामच घातलं नाही. उत्सुकता ताणायला नको? पाठवला सगळ्यांना एका झटक्यात!

उत्सुकता ताणली गेली. इतकी की तुटली.

दुपारी बायकोचा फोन. "अहो, आपल्या खालच्या मजल्यावर गोंधळ चाललाय! दातांच्या डॉक्टरांना कुणीतरी धमकी दिलीय फोटोवरून. त्यांनी घाबरून बायकोला सगळं सांगून टाकलं!"

"सगळं म्हणजे?"

"परिषदेला जातो म्हणून सांगितलं, आणि गेले होते मित्रांबरोबर समुद्रावर! वहिनी माहेरी निघाल्यात!"

मी धावत जाऊन डॉक्टरांचं पाकीट उघडलं. आत पासपोर्टचे फोटो. टाय लावून, कान दिसताहेत असे!

तेवढ्यात दारात हवालदार उभे. मी पाकीट पाठीमागे लपवलं. पण ते सरळ बाबांकडे गेले.

"काका, तुम्ही फोटोतले जाणकार. गावभर हा मेसेज फिरतोय. निवृत्त मुख्याध्यापक तर चौकीत येऊन बसलेत, घरी जायला तयार नाहीत. आणि खरं सांगू? मलाही आलाय."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून मजकूर वाचला. "खाली नाव नाही," ते म्हणाले. "नाव न घालता निरोप धाडणारा एक तर चोर असतो, नाहीतर गाढव."

"गाढवच असणार," मी घाईने म्हणालो.

"लावूनच बघतो या नंबरवर," हवालदार म्हणाले, आणि माझ्या गल्ल्यात फोन वाजू लागला.

आम्ही तिघंही गल्ल्याकडे बघत राहिलो. मी त्याच्यावर हळूच पुसायचं फडकं टाकलं. तो फडक्याखालीही वाजला!

हवालदारांनी बाबांकडे पाहून मला सोडलं, पण बजावलं, "एकूण एकाकडे माफी मागा. एकाची जरी तक्रार राहिली, तरी नोंदवून घेणार." बाबा आत जाऊन पाकिटांवरची धूळ पुसत बसले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती, आणि मी ती एका झटक्यात करून दिली होती.

संध्याकाळी धाकटी बहीण आली. ती वकील आहे, त्यामुळे लहानपणचे सगळे हिशेब ती आता कायद्याने चुकते करते.

"दादा, लोकांनी नंबर कशाला दिला होता? फोटो झाल्याचं कळवायला! जाहिरात पाठवायची तर आधी संमती घ्यायची. निरोपात आपलं नाव, पत्ता घालायचा. नको असेल त्याला 'नको' म्हणायची सोपी सोय ठेवायची. आणि एकदा नको म्हटलं की थांबायचं!"

बाबांनी मान वर केली. "म्हणजे 'दाबू का'च की! कायद्याला हे आत्ता सुचलं होय?"

मग त्यांनी फोन स्वतःकडे ओढला आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. "मी स्टुडिओतून बोलतोय. मुलगा चुकला. तुमचा फोटो आहे माझ्याकडे. त्याबद्दल बोलू का?" कुणी नाही म्हणत नव्हतं! बाबांना प्रत्येकाचा फोटो पाठ होता. पाठीमागे पडदा कुठला, कोण रुसलं होतं, कुणी शेजाऱ्याचा कोट घातला होता, सगळं. मी शेजारी बसून माफी मागायला तोंड उघडायचो, तोवर पलीकडे हसणं सुरू झालेलं असायचं.

रविवारी दुकानाबाहेर रांग लागली. मुख्याध्यापक फोटोतल्या आपल्या कुरळ्या केसांकडे बघत राहिले आणि त्यांनी नकळत तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टर सपत्नीक आले. वहिनींनी पासपोर्टचा फोटो पाहून "हाच का तो गुन्हेगार!" म्हणत पर्समध्ये टाकला. एका बाईला तिच्या आईचा फोटो मिळाला. घरात एकही नव्हता म्हणे. ती पाकीट छातीशी धरून बाकावर बसूनच राहिली, आणि मला झेरॉक्स मशीनची लाज वाटली.

संध्याकाळी खोली रिकामी झाली. एकच पाकीट उरलं, त्यावर आमच्याच घरचा नंबर.

आत मी. अंगात झबलं, तोंड आ वासून रडतोय, नाकातून धार. मला सावरताना आई मागे वळून हसतेय. इतकी हसतेय की पदर तोंडाशी न्यायलाही तिला सुचलेलं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं असं हसणं मी विसरलो होतो.

"दाबू का विचारलं होतं," बाबा खाली बघत म्हणाले. "तू मान हलवून नाही म्हणालास. पण ती हसली, आणि दाबली गेली माझ्याकडून. म्हणून कधी दिला नाही. आता विचारतो. देऊ का?"

मी मान हलवली, या वेळी वरून खाली.

झेरॉक्सचं मशीन रद्द झालं. तो फोटो मोठा करून घरात लावायचा, असं मी ठरवलं होतं. पण बायकोने तो दुकानाच्या दर्शनी काचेत लावला, भल्या मोठ्या आकारात, मला न विचारता! येणारंजाणारं माझं नाक बघून हसतं. मी तिला रोज रीतसर 'नको' असा निरोप पाठवतो. बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "दादा, तो नियम धंद्याच्या निरोपांचा. इथे सुनेने सासूचा फोटो लावलाय; सासू-सुनेच्या मामल्यात मी पडत नाही!"