उजव्या हाताच्या तहाची हकीकत

श्री नदीकांठची माता समर्थ. शके सतराशें त्र्याऐंशी, दुर्मती नाम संवत्सर; नांव ऐकोनच लिहिणाराचे मनीं पाल चुकचुकली, परंतु हुकूम जाहला म्हणोन लिहितों. ते सालीं एक राज्य नदीचे अलीकडे आणि एक पलीकडे होतें, आणि मधला उताराचा घाट मुळींचा पलीकडच्यांचा, तो आमचे श्रीमंतांनीं मागले वर्षीं गुपचूप दाबला होता, आणि हें पोराबाळांस ठाऊक असोन कोणी तोंडानें काढीत नसे. मग पलीकडच्यांनीं पांच हजार फौज कांठीं आणोन उतरविली, आणि बायका नदीवर पाण्यास जाईनाशा जाहल्या, आणि लोक भांडीकुंडी बांधूं लागले. तेव्हां दिवाण विसाजीपंत यांनीं मसलत केली कीं, शिळाछापावर एक थट्टेचें चित्र काढोन वांटावें, लठ्ठ शेजारी रोडक्या शेजाऱ्याचे ताटांत हात घालतो ऐसें, म्हणजे लोकांस धीर येईल आणि पलीकडच्यांची नाचक्की होईल. चित्रांत नांवें लिहिण्याची चाल नव्हती. उजवीकडचा तो आपला, डावीकडचा तो परका, इतकें सर्वांस कळे. चितारी सटवाजी जिनगर, हात मोठा नामी. शिळेवर डावें काढिलें तें कागदावर उजवें उमटतें, याजकरितां तो मूळ चित्रासमोर आरसा ठेवी आणि आरशांत दिसे तसें शिळेवर काढी. त्या दिवशीं पलीकडे तोफा वाजत होत्या आणि दिवाणजी डोईवर उभे राहोन "आटप, आटप" म्हणत होते, आणि मध्येंच त्यांनीं पागोटें ठीक करावयास आरसा उचलिला तो परत ठेविला नाहीं. मागावा कसा? सटवाजीस धीर जाहला नाहीं, मग त्यानें चित्र सरळच काढिलें. पांचशें कागद निघाले आणि वाळले न वाळले तों आठवडे बाजारांत वांटले, आणि पाहतात तों लठ्ठ गृहस्थ उजवीकडे. बाजार हंसूं लागला, आणि तें हंसणें थांबेना.

दिवाणजींनीं सटवाजीस धरविलें आणि तिसरे प्रहरीं भर दरबारांत उजवा हात तोडावा ऐसा हुकूम घेतला. दुपारीं त्यास घरीं जेवूं दिलें, शिपाई दारांत. बायको राहीबाई हिनें भाकरी वाढिली आणि म्हणाली, "आज उजव्यानं पोटभर जेवा. उद्यापास्नं डाव्याची सवय करायची हाय."

"आरसा त्यांच्याच हातात हुता गं."

"ते दरबारात बोलू नका. जीभ तरी ऱ्हाऊ द्या."

लिहिणारास हें शिपायानें सांगितलें, आणि ऐकोन फार वाईट वाटलें.

तिसरे प्रहरीं पाट मांडिला, त्यावर हात ठेवविला, सुरी आली, आणि इतक्यांत पलीकडचा वकील तोच कागद घेवोन दाखल जाहला आणि बोलिला, "श्रीमंतांनीं आपली चूक आपणच छापून वांटली, ऐसें थोर मन आम्ही कोठें पाहिलें नाहीं. आमचे धनी संतोष पावले. घाट परत द्यावा, फौज आजच उठते. आणि हा पाटाशीं कोण?" हात तोडावा तर चित्र चुकून निघालें ऐसें ठरतें आणि फौज राहते. मग श्रीमंत म्हणाले, "हा आमचा चितारी. याचा सत्कार चालला आहे." आणि अंगावरचा शेला काढोन त्या हातावर घातला, आणि घाट परत दिला. वकील गेलियावर श्रीमंत म्हणाले, "सटवाजी, शिक्षा माफ नाहीं, तहकूब आहे. फौज नदीवर येत नाहीं तोंवर हात तुझा. आली कीं पाट येथेंच आहे."

एणेंप्रमाणें तह जाहला, त्यास आज अकरा वर्षें. सुरी दरबारांत खुंटीस आहे, दिवाणजी तिजवर दसऱ्यास फूल वाहतात. सटवाजी रोज सकाळीं घाटावर जावोन पलीकडे धूळ दिसते कीं काय पाहतो, आणि घरीं येवोन डाव्या हातानें रेघा ओढतो. त्या आतां बऱ्या येतात.