आमच्या चर्चच्या इतिहासातली एकमेव लढाई

ज्या गावाला इतिहास नाही, त्या गावाला पक्का रस्ता मिळत नाही. हे सत्य उमगताच नागोठणे आणि निडीच्या मधल्या आमच्या गावाने तातडीने इतिहास समिती नेमली. वास्तू तयारच होती: नदीवरच्या टेकाडावरचं जुनं दगडी चर्च. गावात ख्रिस्ती माणूस एकही नाही, त्यामुळे मतभेदाला वाव नव्हता.

समितीत आम्ही तिघं: अध्यक्ष पुंडलिकशेठ, चिटणीस पोपट गुरुजी आणि सदस्य मी (चहाची व्यवस्था). गुरुजींनी दोन बैठकांत चारशे वर्षं उभी केली. धरमतरच्या खाडीत जहाज रुतलेल्या फिरंग्यांनी चर्च बांधलं आणि दगड आमच्या पूर्वजांनी वाहिले, असं ठरलं. लगेच एकवीस घराण्यांचे पूर्वज दगड वाहायला हजर! भिंती होत्या चारच. मग उरलेल्यांना घंटा दिली. (चर्चला घंटा कधीच नव्हती, पण ती ओढणारे सतरा पूर्वज निघाले.)

नदीकाठच्या वाडीतली जानी म्हणाली, "दगूड आमच्या आज्यानं वाहिलं." तिचा पुरावा तोंडी. आमचाही तोंडीच होता, पण लेटरहेडवर होता.

वारसास्थळाच्या सरकारी अर्जात 'सध्याचा वापर' असा रकाना होता. खरं सांगायचं तर मार्चात तिथे आमचे वाल वाळतात, आणि नदी चढली की जानीची अख्खी वाडी पोरंबाळं, कोंबड्या घेऊन आत जाऊन बसते. पण वारसा म्हटला की तो वापरून कसं चालेल? गुरुजींनी लिहिलं, 'वापर: निरंक', आणि दाराला कुलूप घातलं.

"मंग पानी चढलं तं आमी जायाचं कुठं?" जानीने विचारलं.

"अगो, हितं चारशे वर्सांचं चाललंय, तू एका पावसाचं काय घेऊन बसलीस!" शेठ म्हणाले.

इतिवृत्तात नोंद झाली: लोकसहभाग उत्साहपूर्ण.

जुलैत वाडीत कंबरभर पाणी शिरलं. जानी पन्नास माणसं घेऊन दाराशी आली. किल्ली माझ्याकडे होती. मी शेठना फोन लावला. ते म्हणाले, बैठकीशिवाय उघडता येत नाय. बैठक घ्यावी, तर गुरुजी पाण्यापलीकडे अडकलेले. हे सगळं मी जानीला नियमानुसार समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, "व्हय का?" म्हणाली, धोंडा उचलला आणि कडीच उखडली. माणसं सगळी वाचली. मला फार बरं वाटलं. (हे इतिवृत्तात नाही.)

गुरुजी मात्र हरखले. आमच्या इतिहासात लढाई नव्हती, ती उणीव भरून निघाली. फलक लागला: 'येथे अज्ञात टोळीने भीषण हल्ला केला.' रस्ता मंजूर झाला. पर्यटक येऊ लागले.

तुम्हीही या. उखडलेल्या कडीचा फोटो सगळेच काढतात. तिच्याखालीच जानी काकड्या विकत बसते. तुम्ही फलक वाचाल, हळहळाल आणि तिला म्हणाल, "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

ती होते बाजूला.