सतरा नंबरचं चेंबर

मोगरे साहेब कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी मोरीत जात. तांब्याभर पाणी ओतत आणि ते बाहेर पडेपर्यंत मनगटावरच्या घड्याळात बघत उभे राहत. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही सेलूला गेलो होतो, तिथंही हेच. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि साहेब मोरीत. मुलीचे वडील कासावीस झाले.

"पाव्हणे, पोट बरं हाय ना?"

साहेब गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले. "पोरगी लय चांगली हाय. पण तुमच्या मोरीला उतार न्हाई."

लग्न जमलं. साखरपुड्याआधी मोरीही फोडून नवी झाली.

साहेब आमच्या नगर परिषदेत अभियंता. मी त्यांच्या हाताखाली आरेखक, तेव्हा अजून रोजंदारीवर. गावाची सगळी पावसाळी गटारं कम्प्युटरवर चढवायची आणि पाऊस पडला तर पाणी कुठून कुठं जाईल ते काढायचं, असं एक सॉफ्टवेअर त्यांनी पन्नाशीत शिकून घेतलं. मग ते सगळ्या ऑफिसला शिकवायला लागले. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात कसं जातं ते दाखवायला टेबलाच्या खणात दोन ग्लास आणि सलाइनची नळी कायम तयार.

"हे बघा माधवमामा," ते शिपायाला सांगत, "कोपऱ्यावरचं चेंबर म्हणजे नोड. दोन चेंबरांच्या मधी पाइप. नोडला एकच विचारायचं, आलं किती, गेलं किती? उरलं तेवढी पातळी चढली. पाइपला विचारायचं, तुझ्या दोन टोकांच्या पातळीत फरक किती? त्यावर पाणी किती पळंल ते ठरतं. आतून खरबरीत असला तर कमी पळतं. पुढची पातळी वर गेली तर उलटं बी येतं. मग नवी पातळी, नवा प्रवाह, पुन्हा पहिल्यापासून. दर पाच सेकंदाला."

"पाच सेकंदाला? तासाला एकदा केलं तर?"

"आकडे नाचायला लागतात, मामा! आत्ता चेंबर उतू जायलंय, लगेच कोरडं ठाक. पाऊल लहानच टाकावं."

एकदा वसुलीचे दोन कारकून हमरीतुमरीवर आले. साहेब मधे जाऊन म्हणाले, "दोघांची पातळी सारखी झाली, आता काही हलायचं न्हाई. एकानं उतरा." भांडण तिथंच विझलं, दोघंही साहेबांना हसायला लागले. दर रविवारी मी साहेबांकडे जेवायला जायचो, तेव्हा काकू म्हणायच्या, "यांच्याशी भांडायची सोय न्हाई रे केशव. मी बोलायला लागले की इचारतात, आलं किती?"

इथवर सगळं हसण्यावारी. पुढचं मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

चेंबरांची खोली मोजणं माझं काम होतं. टेप सोडायचा, आकडा लिहायचा. तेली गल्लीत सतरा नंबरच्या झाकणावर कुणाची तरी ट्रॉली उभी होती. दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा समोरच्या हॉटेलात बसलो आणि सोळा नि अठरा यांच्या मधला आकडा ठोकून दिला. सॉफ्टवेअर बिचारं, दिलं ते खरं मानतं. त्याच्या लेखी सतराकडून अठराकडे पाणी झकास वाहत होतं. तेली गल्लीला धोका नाही असं निघालं आणि नवा पाइप दुसऱ्या गल्लीत पडला. प्रत्यक्षात सतराचा तळ अठराहून हातभर खोल होता. पाइप चक्क चढावर.

श्रावणातल्या एका दुपारी सतरा नंबर उतू गेलं. सुमनबाईंच्या पिठाच्या गिरणीत गुडघाभर पाणी. बाई ओल्या पायांनी ऑफिसात आल्या.

"साहेब, तुमच्या कम्प्युटरात पाणी वाहायलंय आन् माझ्या गिरणीत थांबलंय. दोघांची एकदा गाठ घालून द्या!"

सगळं ऑफिस हसलं. मी सोडून.

त्याच आठवड्यात बैठक होती. मला कायम करायचा विषयही तीतच. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "मोजमाप कुणाचं?" साहेब उठले.

"मोजमाप बरोबर हाय. चूक माझी. मी पाऊल मोठं ठेवलं, पाच मिनिटांचं."

पाच सेकंदांच्या वर त्यांनी कधी एक सेकंद जाऊ दिला नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो. साहेबांचं गटारांचं काम काढून त्यांना पथदिव्यांवर टाकलं. मी कायम झालो.

याला नऊ वर्षं झाली. मधे साहेब निवृत्त होऊन परभणीला गेले. काकू वारल्या, तेव्हा मी मातीलाही गेलो नाही. तोंडच नव्हतं.

गेल्या महिन्यात गेलो. दार त्यांनीच उघडलं. उंबऱ्यातच बोलून टाकलं, आत बसलो असतो तर जमलं नसतं.

"साहेब, सतरा नंबर मी मोजलंच नव्हतं."

"माहीत हाय. बैठकीच्या आदल्या दिवशी ट्रॉली हटवून मीच टेप सोडला. फाइलीत नवा आकडा बी मीच घातला."

"मग बोलला का न्हाईत?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बोललो असतो तर तू लाजेनं घरी यायचा बंद झाला असतास. दर रविवारी जेवायला यायचास. आमच्याकडं दुसरं कोण येत होतं?"

त्या बैठकीनंतर मी एकाही रविवारी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. ते त्यांनी काढलं नाही. "आत ये, जेवून जा," म्हणाले, आणि दोघांपुरता भात निघतो का ते बघायला स्वयंपाकघरात गेले.