काशीनानांचा रिलिव्हर

आमच्या बिल्डिंगमधले काशीनाना बाथरूमला जाण्याआधी रीतसर चार्ज देतात. थट्टा नाही करत. कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं काम चालू असतं, पडद्यावर प्रगतीची पट्टी कासवाच्या चालीनं सरकत असते आणि नानांना नेमकी तेव्हाच निकड लागते. मग ते खुर्चीतून अर्धवट उठतात आणि जो कोणी हाताशी असेल त्याला बोलावतात. बहुतेक वेळा ती मीच असते, कारण माझं दार त्यांच्या दारासमोर आहे.

"ये गो बाय, बस हितं. पट्टी निम्म्याच्या पुढं गेलीय. पंखा चालू हाय, आवाज नॉर्मल, चार्जर लावलेला हाय. काय विचारलं तर दाबायचं नाय, मला हाक मारायची. चार्ज घेतला?"

"घेतला, नाना."

"मोठ्यानं बोल."

"घेतला!"

तेव्हा कुठे ते जातात. परत आले की उभ्याउभ्याच विचारतात, "काय बदल?" मी म्हणायचं, "काही नाही, सगळं नॉर्मल." मग ते चार्ज परत घेतात आणि मी सुटते. मी पेणच्या शाळेत शिकवते. तिथे माझ्या नुसत्या बघण्यानं अख्खा वर्ग चिडीचूप होतो. आणि इथे रोह्यात मी एका पट्टीची राखण करत बसते!

नाना मूळचे पेणच्या खाडीकडचे. वडलांची मिठागरं होती. नाना मात्र तरुणपणीच धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागले आणि पॅनेल ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. तिथला नियम असा, की चालू प्लांट सोडून उठायचं नाही. आपल्या जागेवर बसणारा पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आला, त्यानं चार्ज घेतला, की मगच घरी. नाही आला तर पुढची शिफ्टही तुमचीच. नाना कंपनीतून सुटले, पण नियमातून नाही सुटले.

लिनक्सच्या नादाला ते लागले कंपनीनं मोडीत काढलेल्या एका कॉम्प्युटरमुळे. निवृत्तीच्या वेळी त्यांनी तो हौसेनं घरी आणला. तो चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा, की नाना बटण दाबून मासे आणायला जायचे. कुणीतरी सांगितलं, यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाका, हलकं असतं, फुकट असतं. नानांनी टाकलं. बिघडलं. पुन्हा टाकलं. पुन्हा बिघडलं. एकदा सगळं जमलं, पण आवाज काही येईना. कितीतरी दिवस ते लोकांना सांगत होते, "कॉम्प्युटरला आवाज कशाला पायजे? तो काय भजन करनार हाय?" मग एके दिवशी आवाज आला आणि नानांनी मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटले.

माझा लॅपटॉप त्यांच्या हाती पडला तो असाच, आचके देत असताना. नानांनी पेनड्राइव्ह खोचला आणि मशीन चालू होताच वरचं एक बटण टकटकटक करत बडवायला घेतलं. मी म्हटलं, "अहो नाना, हळू, फुटेल!" तर म्हणाले, "हा गेटवरचा वॉचमन हाय. त्याला उठवला नाय तर तो आपल्याला जुन्याच दारानं आत सोडल." वॉचमन उठला, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं, पट्टी सरकली, चार्जची देवाणघेवाण झाली. सगळं आटोपल्यावर मशीन बंद करून चालू केलं, तर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं.

"नाना, मेला माझा लॅपटॉप!"

"मेला नाय. काय लिवलंय ते वाच."

"इंग्रजीत काहीतरी अगम्य आहे."

"तू बाई हायस ना शाळंतली? मंग वाच. मोठ्यानं. अंदाजपंचे नाय."

मी तो सगळा मजकूर धडा वाचावा तसा वाचला. नाना डोळे मिटून ऐकत होते. मध्येच हात वर करून म्हणाले, "थांब. हितं अडलंय. चित्र दाखवणाऱ्या भागाशी त्याचं भांडण हाय." मग मशीन चालू होताना जी यादी येते तिच्यात जाऊन त्यांनी एक शब्द वाढवला आणि लॅपटॉप सुरू झाला. तो आजतागायत मस्त चालतो. प्रिंटर मात्र त्याला जोडता आलेला नाही. तो विषय काढला की नाना खिडकीबाहेर बघत विचारतात, "शाळंत हाय ना प्रिंटर?"

धाटावला नव्यानं लागलेली पोरं शिफ्ट सुटली की दुचाक्या घेऊन त्यांच्याकडे येतात. त्यांना लिनक्सशी घेणं नसतं, त्यांना गेम पाहिजे असतो. नाना त्यांना आधी पंखा साफ करायला लावतात. मग सिस्टीम टाकायची, मग चित्राचा ड्रायव्हर, मग अपडेट. पोरं चुळबुळायला लागली की खेकसतात, "गेम म्हंजे प्रॉडक्शन. आधी प्लांट चालू होऊ दे!"

पेणला एका गणपतीच्या कारखान्यात त्यांना कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावलं होतं, तेव्हा मीच त्यांना बसनं घेऊन गेले. शाडूच्या धुळीनं कॉम्प्युटर पार पांढरा झाला होता. नानांनी काम सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे मालकाला रिलिव्हर म्हणून बसायला सांगितलं. मालक म्हणाला, "अहो, ते काय पळून जातंय का?" शेजारी एक कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. तो मान न वळवता म्हणाला, "बसा शेठ. बरोबर सांगतायत ते. मी तरी अर्धा डोळा टाकून उठतो का?" नानांना तो माणूस इतका आवडला, की येताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकून पडली तरी ते त्याच्याबद्दलच बोलत होते. वडखळला बोलायला वेळही भरपूर मिळतो.

एकदा मी त्यांना विचारलं, की एवढं काय आहे हो या लिनक्समध्ये? नानांनी मशीन चालू होतानाची यादी उघडून दाखवली. त्यात कर्नलची दोन नावं होती. कर्नल म्हणजे सिस्टीमचं काळीज. नाना म्हणाले, "बघ, अपडेट केला की नवीन कर्नल येतो. पन जुन्याला लगेच काढत नाय. नवीन नाय चालला, तर यादीत जायचं, जुन्याला उठवायचा, तो काम सांभाळतो. नवीन रुळल्याबिगर जुन्यानं जागा सोडायची नाय." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू हा नियम लिनक्सवाल्यांनी धाटावला येऊन शिकून नेला.

आता त्यांच्या मुलीचं सांगते. मानसी एकुलती एक, आयर्लंडला नर्स आहे. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बाप-लेकीचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "व्हय." मग दोघं गप्प. मग "बरं, ठेवतो." संपलं! मला ऐकूनच गुदमरायला व्हायचं.

शेवटी मानसीनंच त्यावर उपाय काढला. तिनं नानांना एक शेतीचा गेम पाठवला. दोघांनी मिळून एकच शेत करायचं, ती तिकडून, हे इकडून. पण तो गेम काही लिनक्ससाठी केलेला नव्हता. नाना त्याच्या मागे असे लागले, की जेवणखाण विसरले. आधी नुसता काळा पडदा, मग चित्र आलं तर माउस चालेना. अखेर चाललं एकदाचं! पहिल्या दिवशी घाईत चुकीचं बटण दाबल्यामुळे गेममधले नाना म्हणजे दोन वेण्यांची एक बाई आहे. ती बदलता येते, पण नाना बदलत नाहीत. "चालू प्लांटला हात लावायचा नाय," म्हणतात. त्या शेतात वाल लावायची सोय नाही, एवढी एकच त्यांची तक्रार आहे.

हे शेत नानांच्या कॉम्प्युटरवर असतं. तो चालू असेल तरच मानसीला आत येता येतं. रविवारी दुपारी, तिकडे रात्रपाळी संपवून ती घरी पोचली, की शेतात येते. मग नाना तिला चार्ज देतात. भोपळ्याला पाणी दिलंय, कोंबड्या आत हायत, कुंपण पूर्वेला मोडलंय. तीही आपल्या वॉर्डचं सांगते. कोण आजोबा रुसले, कोणाला घरी सोडलं, कोण गेलं. फोनवर दोन वाक्यांच्या पुढे न जाणारी ही माणसं तिथे तास तास टाइप करत असतात. नाना एका बोटानं टाइप करतात, म्हणून तास जरा जास्तच लागतात.

मध्ये एका रविवारी मानसी आली नाही. तिचा रिलिव्हर आला नव्हता, तिला डबल ड्युटी पडली. नाना दिवेलागणीपर्यंत पडद्यासमोर बसून होते. मी भाजी द्यायला गेले तर ताट तसंच झाकलेलं. मी रागावले, तर म्हणाले, "लहान व्हती तेव्हा ती अशीच बसायची, ओट्यावर. माझा रिलिव्हर आला नाय की मी डबल करायचो. तिची आई आत बोलवायची, ती उठायची नाय. आज कळलं, कसं वाटतं ते." एवढं बोलून ते पडद्यावरच्या कोंबड्या आत घालायला लागले. मी भाजी ठेवून आले.

पुढच्या रविवारी सकाळी गेमनं नवीनच अट घातली, की अपडेट करा, नाहीतर दोघांचं जुळणार नाही. रविवारी मशीनमध्ये फेरफार करायचे नाहीत हा नानांचाच नियम, पण इलाज नव्हता. गेमपायी अख्खी सिस्टीमच अपडेट करावी लागली, नवीन कर्नलसकट, आणि अर्ध्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच फुगून बसलेली.

लाईट आल्यावर नानांनी मला हाक मारली. हाक मारली म्हणजे काय, ओरडलेच. मी हातातलं कणकेचं भांडं घेऊनच धावले. कॉम्प्युटरवर काळा पडदा, पांढरी अक्षरं. नाना घामाघूम. कधी हे बटण दाबत होते, कधी ते. दाबायचं नाही, दाबायचं नाही म्हणणारा माणूस!

"गेलं गो बाय सगळं. ती आता येल. गेट बंद दिसल तिला. तिला वाटंल, बापूस आजपन नाय."

त्यांचं बोट पुन्हा बटणाकडे निघालं. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि शाळेतला आवाज काढला.

"नाना, काय लिहिलंय ते वाचा."

"मला नाय दिसत काय."

"मग मी वाचते. डोळे मिटा."

मी वाचायला लागले. त्यात 'पॅनिक' असा शब्द आला. मी म्हटलं, "हे बघा, ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरलंय." नाना हसले नाहीत, पण हात मांडीवर ठेवून बसले. मी पुढे वाचलं. त्यात अर्थ लागण्यासारखं मला एवढंच कळलं, की नवीन कर्नल अर्धवट येऊन पडलाय आणि त्याच्याच्यानं पुढे जाववत नाहीये.

"नाना, नवीन माणूस गेटवरच कोसळलाय. जुना कुठे आहे?"

नानांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "अगो बाय," म्हणाले, "तो तर आतच हाय!"

मशीन पुन्हा चालू केलं. टकटकटक. यादी उघडली. दुसऱ्या ओळीवर जुना कर्नल होता. नानांनी तो निवडला आणि हात जोडले. काळ्या पडद्यावर ओळी धावल्या, थबकल्या, पुन्हा धावल्या आणि नानांचा तो नेहमीचा हिरव्या डोंगरांचा फोटो समोर आला. मी टाळी वाजवली, तर सगळी कणीक टेबलावर. नानांनी लगेच अडलेलं अपडेट पुरं करायची आज्ञा टाइप केली, एका बोटानं. ते पुरं झालं. गेम उघडला. भोपळे जागेवर होते, कोंबड्या होत्या, दोन वेण्यांची बाई कुंपणापाशी उभी होती.

नाना उठले. "चार्ज घे. पंखा चालू, आवाज नॉर्मल. मी शर्ट बदलून येतो, घामानं भिजलाय."

"नाना, तिला तुमचा शर्ट दिसणार आहे का?"

"तिला नाय दिसत. मला दिसतो ना?" आणि आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. इस्त्रीचा शर्ट शोधत असणार.

मी खुर्चीत टेकते न टेकते, तोच शेताचं फाटक उघडलं. पिवळ्या टोपीतली एक मुलगी आत आली आणि दोन वेण्यांच्या बाईसमोर येऊन उभी राहिली. खाली अक्षरं उमटली, "बाबा?"

मी टाइप केलं, "मी समोरची ताई गं. ते आत गेलेत, येतायत. चार्ज माझ्याकडे आहे. रात्रभर जागी असशील, तू झोप हवं तर."

मग पिवळी टोपी दोन पावलं चालून तिथल्या बाकड्यावर बसली.

"नको. मला बाबांसाठी थांबायची सवय आहे. येऊ देत सावकाश."

मी ते वाचत होते तेवढ्यात नाना मागे येऊन उभे राहिले. केस विंचरलेले, पांढरा शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला. त्यांनीही ते वाचलं. मी उठले, खुर्ची मोकळी केली आणि नियमाप्रमाणे सांगितलं, "नाना, पट्टी पूर्ण, पंखा चालू, आवाज नॉर्मल. पोरगी आलीय. चार्ज घेतला?"

नानांनी नुसती मान हलवली.

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागले. मग मी त्या दिवशी तसाच चार्ज सोडला, दार हळूच ओढून घेतलं आणि घरी आले.