किसनआबा हात हुंगतात

आमच्या कंपनीच्या गेटवर अंगठ्याचं मशिन आहे, कॅमेरा आहे. पण त्यांच्याही आधी किसनआबा आहेत, आणि ते आत जाणाऱ्या प्रत्येकाचा हात हुंगतात. खोटं वाटत असेल तर बारामतीच्या एमआयडीसीत या, तुमचाही हुंगतील.

आबा आमचे जुने टाइमकीपर. तुमचा तळवा दोन्ही हातांत धरायचा, चांगला चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा.

"मासळी! रफिक, सकाळी भिगवणला लिलावात हुतास का न्हाय?"

रफिक बिचारा लिंबू चोळून आलेला.

"एक देह, एक पाळी! एका कारखान्यात राबलं की त्याच दिवशी दुसऱ्यात उभं ऱ्हायचं न्हाय. कायदा हाय."

मग गुरांच्या डॉक्टरासारखी डोळ्याची पापणी ओढून बघायची. डोळा लाल दिसला की माणूस घरी. पाया पडा नाहीतर शिव्या द्या, आबा हलायचे नाहीत.

देवळातसुद्धा त्यांची ही खोड जात नाही. नरसिंहपूरला दर्शनाला गेलो होतो, तर पुजाऱ्यालाच धरलं. "पहाटंची आरती तुमीच, रातचीबी तुमीच? बदली मानूस न्हाय व्हय?" पुजारी म्हणाला, देवाचं काम आहे. "मग देवाला सांगा, आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच!" आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढे सगळ्यांचे घामट हात चोळणारा हा माणूस सुटताना स्वतःचे हात मात्र धूत नसे. गेटला लागून नळ, साबण ठेवलेला. पण आबा तसेच स्कूटरवर बसून भवानीनगरला घरी. घाणेरडं म्हातारं, असं आम्ही मागून म्हणायचो.

मी पत्रा दाबायच्या प्रेसवर, दुपारपाळीला. घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅब अडकला, म्हणून पहाटेपासून पेरूच्या पॅकिंगला जायला लागलो. दोन-चारदा आबांनी हुंगून, डोळे बघून, दम देऊन सोडलं. एक दिवस मात्र पापणी ओढली आणि म्हणाले, "पेरू. माघारी फिर."

"आबा, ते शेड हाय, कारखाना न्हाय. कायद्यात बसतंय."

"कायद्याला फसीवशील रं. प्रेसला कसं फसीवशील? ती इचारत न्हाय, आदी कुठं राबून आलास म्हनून."

सगळ्यांसमोर! माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मोटरसायकल काढली आणि थेट भवानीनगर गाठलं. आज म्हाताऱ्याला सोडायचंच नाही, काय व्हायचं ते होऊ दे.

आबा अजून आले नव्हते. काकूंनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं स्कूटर वाजली. आबा मागच्या दारानं शिरले. त्यांनी मला पाहिलंच नाही.

"हाक मारू नगा," काकू हळूच म्हणाल्या. "आदी बापूकडं जात्यात. हात धुवायच्या आत."

बापू कोण, ते खिडकीतून दिसलं. खाटेवर एक तरणा माणूस पडलेला, कमरेखाली हालचाल नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. "दोन कंपन्यात करायचा. त्या दिशी गेटवर ह्यास्नी वास आलता. 'आजचा दिस जाऊ द्या की आबा,' म्हनला. पोटचा पोरगा, सोडला ह्यांनी. शिडीवर उभ्या उभ्या डोळा लागला त्याचा."

आत आबांनी दोन्ही तळवे बापूच्या नाकाशी धरले होते. बापू डोळे मिटून हुंगत होता.

"मासळी. रफिक आला आज." मग हसला. "हे हळदीचं कोन? नवीन दिसतंय. आनि पेरूवाला... पेरूवाला आलता का?"

"आलता. माघारी घालीवला."

"चिडला आसंल."

"चिडू दे. धडधाकट हाय, चिडंल."

"बरं केलं आबा," बापू म्हणाला. "त्याला म्हनावं, झोप जरा."

मी चपला घातल्या. काकू चहाला थांबा म्हणत होत्या, पण मी गाडीला किक मारली. भांडायला आलेला मी वाटेत गाडी बाजूला लावून रडलो.

पॅकिंग मी सोडलं. स्लॅब अजून पडलेला नाही, बायको रोज आठवण करून देते. पण दारात पेरूचं एक झाड आहे. दुपारी पोटभर झोपून उठतो आणि निघताना दोन-चार पानं तळहातावर चुरगळतो.

पहिल्या दिवशी आबा हुंगून भडकलेच. पापणी ओढली. डोळा पांढराशुभ्र. ते माझ्याकडं बघत राहिले, मी खाली बघितलं. मग त्यांनी स्वतःचा तळवा हळूच नाकाशी नेला.

तेव्हापासून आबा माझा हात जरा जास्त वेळ चोळतात. मग म्हणतात, "जा आत."